केरळ सहलीची दोन कोटेशने आणि त्यांतील अनोळखी शब्द

सोलापुरातील एका गृहस्थांचा प्रश्न असा आहे. पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या आई यांना घेऊन त्यांना २७ डिसेंबर ते १ जानेवारी या काळात केरळला जायचे आहे. मुन्नारला दोन रात्री, ठेक्कडीला एक, अलेप्पीच्या हाउसबोटीवर एक आणि कोचीत एक असा कार्यक्रम ठरवून त्यांनी दोन ठिकाणी चौकशी केली. एकाने ९२,००० रुपयांचे कोटेशन दिले, दुसऱ्याने १,३४,००० रुपयांचे. पहिल्यात 'एक्स-कोची, सीपी, १ डबल रूम + १ एक्स्ट्रा बेड + २ सीएनबी, डिलक्स हॉटेल किंवा तत्सम, सिडान, पॉइंट टू पॉइंट, पीक सीझन सरचार्ज व जीएसटी वेगळा' असे लिहिले आहे. दुसऱ्यात 'एक्स-कोची, एमएपी, २ रूम, १ सीएनबी, इनोव्हा, जीएसटीसह' असे शब्द असून हॉटेलांची नावे दिली आहेत. या शब्दांचे अर्थ काय, आणि ठिकाणे तीच असताना ४२,००० रुपयांचा फरक कसा, असे त्यांनी विचारले आहे.

सोलापुरात मी गेली २३ वर्षे सहलींचे नियोजन करते, आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत दर आठवड्याला माझ्यासमोर येतो. शब्दांचे अर्थ मी सांगेनच. परंतु नुसते अर्थ कळून आपली अडचण सुटणार नाही, कारण आपला खरा प्रश्न तुलनेचा आहे. आमच्या व्यवसायातील जवळजवळ प्रत्येक शब्द एक हद्द आखत असतो: येथपर्यंतची सेवा आणि खर्च आमचा, त्यापुढचा तुमचा. दोन कोटेशनांच्या हद्दी वेगवेगळ्या असतील, तर त्यांच्या आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक शब्दापाशी थांबून 'ही हद्द कुठे संपते' एवढे विचारावे.

सुरुवात 'एक्स-कोची' या शब्दापासून करू, कारण सोलापूरकरांना तो सर्वांत महाग पडतो. 'एक्स' म्हणजे त्या ठिकाणापासून. सहलीची किंमत आपण कोचीत पोहोचल्यावर सुरू होते आणि कोचीतच संपते; सोलापूर ते कोची हा प्रवास पूर्णपणे आपला. यालाच 'लँड पॅकेज' असेही म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला घराजवळ विमानतळ असतो, त्यामुळे त्याचा वरचा खर्च केवळ विमानतिकिटाचा असतो. आपल्याला पुणे, मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते, आणि विमान पहाटेचे असेल तर तेथे एक रात्र मुक्कामही करावा लागतो. होटगी रस्त्यावरील आपल्या विमानतळावरून २०२५ मध्ये आधी गोव्याची आणि नंतर मुंबईची विमानसेवा सुरू झाली, त्यामुळे आता अनेकजण मुंबईमार्गे जोडप्रवासाचा विचार करतात. त्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते. दोन्ही विमाने एकाच पीएनआरवर असतील, तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास पुढची सोय करणे ही विमान कंपनीची जबाबदारी ठरते. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर दुसरी कंपनी आपली नोंद 'नो-शो' अशी करते, म्हणजे प्रवासी आलाच नाही असे धरते, आणि बहुतेक तिकिटांवर मग फारसे काही परत मिळत नाही. अशा वेळी मी मध्ये किमान पाच-सहा तासांचे अंतर ठेवते. 'डायरेक्ट' विमान आणि 'नॉन-स्टॉप' विमान हेही एक नव्हे: डायरेक्ट विमान मध्ये एखाद्या शहरात उतरून त्याच क्रमांकाने पुढे जाऊ शकते, नॉन-स्टॉप मात्र मध्ये कुठेच उतरत नाही. आईंना घेऊन प्रवास असल्याने हा फरक तिकीट काढण्यापूर्वी पाहावा.

'५ रात्री ६ दिवस' या हिशेबात पैसे रात्रींचे असतात; दिवस हे केवळ पहिल्या दिवशी पोहोचण्याचे आणि शेवटच्या दिवशी निघण्याचे धरून मोजलेले असतात. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोनच्या सुमारास ताब्यात मिळते आणि सकाळी अकरा ते बारापर्यंत सोडावी लागते. आपली गाडी पहाटे पोहोचणार असेल, तर तेथून दुपारपर्यंत आई आणि लहान मुलगी कुठे बसणार, याचा विचार कोटेशनमध्ये नसतो. 'अर्ली चेक-इन' हे खोली रिकामी असेल तरच मिळते आणि ३१ डिसेंबरच्या आठवड्यात खोल्या रिकाम्या नसतात. आमच्याकडे 'वॉश अँड चेंज' नावाची एक सोय असते, म्हणजे आंघोळ करून कपडे बदलण्यापुरती दोन-तीन तासांसाठी एखादी खोली; तिच्याबद्दल विचारावे, ती तुलनेने स्वस्तात होते.

आता जेवणाचे शब्द. ईपी म्हणजे युरोपियन प्लॅन, त्यात फक्त खोली. सीपी म्हणजे कॉन्टिनेन्टल प्लॅन, त्यात खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे मॉडिफाइड अमेरिकन प्लॅन, त्यात नाश्ता आणि एक मुख्य जेवण, जे बहुधा रात्रीचे असते. एपी म्हणजे अमेरिकन प्लॅन, त्यात तिन्ही वेळचे खाणे. यांतला कोणता चांगला, हे सरसकट सांगता येत नाही. ते ठिकाणावर अवलंबून आहे. मुन्नारला डिसेंबरात कडक थंडी असते, अनेक हॉटेले गावापासून दूर चहाच्या मळ्यांत आहेत, आणि दिवसभर घाटात फिरून आल्यावर जेवणासाठी पुन्हा गाडीत बसायला मुले आणि वडीलधारी माणसे तयार नसतात. तेथे मी एमएपीच सुचवते. कोचीत मात्र बाहेर चांगली उपाहारगृहे आहेत, तेथे सीपी पुरेसे होते. हाउसबोट बहुतेक वेळा एपीवरच असते, कारण पाण्यावर दुसरीकडे जेवायला जाता येत नाही. म्हणजे आपल्या पाच रात्रींपैकी चार रात्रींच्या जेवणाचाच फरक आहे.

पहिल्या कोटेशनचा आकडा आता दुसऱ्याच्या हद्दीपर्यंत आणून पाहू. ९२,००० वर सहल आयोजकांचा जीएसटी ५ टक्के, म्हणजे ४,६०० रुपये. धाकट्या मुलीला सोडून चौघांचे चार रात्रींचे जेवण माणशी ५०० रुपये धरले तर ८,०००. बेरीज १,०४,६०० झाली. उरलेला २९,४०० रुपयांचा फरक खोल्यांत, गाडीत आणि अजून न सांगितलेल्या सरचार्जमध्ये आहे.

खोल्यांबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्या कुटुंबासाठी हाच कळीचा मुद्दा आहे. 'ट्विन शेअरिंग' हा शब्द प्रतिमाणशी दर सांगताना वापरतात, आणि त्याचा अर्थ असा की हा दर एका खोलीत दोन प्रौढ माणसे राहतील असे गृहीत धरून काढला आहे. 'एक्स्ट्रा बेड' म्हणजे स्वतंत्र पलंग असे आपल्याला वाटते, पण बहुतेक ठिकाणी ती जमिनीवर किंवा घडीच्या खाटेवर टाकलेली गादी असते. 'सीडब्ल्यूबी' म्हणजे गादीसह मूल आणि 'सीएनबी' म्हणजे गादीशिवाय मूल, अर्थात आईवडिलांच्याच पलंगावर झोपणारे. पहिल्या कोटेशनचा अर्थ असा झाला की पाचही जण एका खोलीत राहणार, पलंगावर आपण पतीपत्नी आणि दोन मुले झोपणार, आणि सत्तरीच्या आई खाली गादीवर झोपणार. हे वाक्य कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही. ते त्या चार शब्दांत दडलेले असते. अनेक हॉटेले एका खोलीत तीन प्रौढ आणि एका मुलापेक्षा जास्त माणसे घेतही नाहीत, आणि मग तेथे पोहोचल्यावर दुसरी खोली त्या दिवशीच्या चढ्या दराने घ्यावी लागते. दुसऱ्या कोटेशनमध्ये दोन खोल्या आहेत: एकीत आपण दोघे आणि मुलगी, दुसरीत आई आणि मुलगा. माझ्या मते आपल्या घरासाठी हीच रचना योग्य आहे. हाउसबोटीलाही तोच नियम लावावा: बोट दोन शयनगृहांची आहे का आणि ती फक्त आपल्यासाठी आहे की इतर कुटुंबांबरोबर 'शेअरिंग'मध्ये, हे दोघांनाही विचारावे. हाउसबोटीवरचे एसी बहुधा रात्री नऊच्या सुमारास सुरू होऊन पहाटे बंद होते आणि संध्याकाळी बोट काठाला बांधली जाते; ती रात्रभर फिरत नाही. हेही मुलांना आधी सांगून ठेवलेले बरे.

मुलांच्या वयाच्या हद्दी प्रत्येक सेवेत वेगळ्या असतात, आणि येथे फार गोंधळ होतो. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलासाठी बर्थ घेतला तर पूर्ण भाडे आणि न घेतला तर अर्धे भाडे पडते. विमानात दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र आसन घ्यावेच लागते, आणि देशांतर्गत प्रवासात त्याचे भाडे बहुधा मोठ्या माणसाइतकेच असते. हॉटेलात पाच किंवा सहा वर्षांपर्यंतचे मूल मोफत आणि त्यापुढे अकरा-बारापर्यंत सीएनबी किंवा सीडब्ल्यूबी, असा सर्वसाधारण प्रघात आहे, पण ती मर्यादा प्रत्येक हॉटेल स्वतः ठरवते. म्हणजे आपली चार वर्षांची मुलगी रेल्वेत मोफत जाईल, विमानात तिला पूर्ण तिकीट लागेल, आणि हॉटेलात ते त्या हॉटेलवर अवलंबून राहील. दुसऱ्या कोटेशनमधील '१ सीएनबी' कोणासाठी धरला आहे, हे म्हणूनच विचारावे. तो मुलीसाठी असेल, तर त्या हॉटेलांच्या नियमात ती मोफत बसते का, हे पाहता येईल.

'डिलक्स किंवा तत्सम' यातील डिलक्स या शब्दाला कोणतेही अधिकृत मोजमाप नाही. तारांकित वर्गीकरण मात्र अधिकृत आहे. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची समिती हॉटेलची पाहणी करून ते देते आणि त्याची मुदत पाच वर्षांची असते. हे वर्गीकरण ऐच्छिक असल्याने अनेक चांगल्या हॉटेलांकडेही ते नसते, आणि म्हणून 'थ्री स्टार दर्जाचे' असे लिहिलेले हॉटेल प्रत्यक्षात तारांकित असेलच असे नाही. 'तत्सम' या शब्दाची मला स्वतःला तक्रार नाही, कारण तो आम्हालाही लागतो: हॉटेलने ऐन वेळी खोली नाकारली तर पर्याय द्यावाच लागतो. परंतु त्याच्या आधी एखाद्या हॉटेलचे नाव असले पाहिजे. नावच नसेल तर तत्सम कोणाच्या, याला उत्तर राहत नाही.

याच संदर्भात 'कन्फर्म' आणि 'ऑन रिक्वेस्ट' यांतील फरक मी फार किंमत देऊन शिकले आहे. व्यवसायात दोन-तीन वर्षे झाली असतील तेव्हाची गोष्ट. मे महिन्यात एका थंड हवेच्या ठिकाणी मी सोलापूरच्या एका कुटुंबाला पाठवले. तेथील स्थानिक व्यावसायिकाने मला व्हाउचर पाठवले होते, त्यावर हॉटेलचे नाव, तारखा, सारे होते. रात्री साडेनऊला त्या कुटुंबाचा फोन आला की हॉटेलात त्यांच्या नावाची नोंदच नाही. व्हाउचर व्यावसायिकाने दिले होते, पण हॉटेलकडे त्याची मागणी केवळ 'ऑन रिक्वेस्ट' होती. हॉटेलने ती मान्य केलीच नव्हती. त्या घरातील आजोबा दोन तास स्वागतकक्षात बसून राहिले, ते मला आजही विसरता आलेले नाही. चूक माझी होती, कारण मी हॉटेलचा स्वतःचा पुष्टिक्रमांक मागितला नव्हता. तेव्हापासून प्रवासाच्या आठ दिवस आधी मी प्रत्येक हॉटेलला स्वतः फोन करून प्रवाशाच्या नावाने नोंद आहे का ते विचारते. आपणही व्हाउचर मिळाल्यावर तसा फोन करावा. त्यात कोणाचाही अपमान नाही, आणि चांगल्या व्यावसायिकाला त्याचे वाईट वाटत नाही.

गाडीच्या शब्दांकडे वळू. सिडानमध्ये चालकाशिवाय चार जण बसतात. आपण पाच आहात आणि पाच दिवसांचे सामान आहे. केवळ या एका कारणासाठी पहिले कोटेशन जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. 'पॉइंट टू पॉइंट' म्हणजे गाडी ठरलेल्या ठिकाणाहून ठरलेल्या ठिकाणी नेणार, मधल्या वेळेत आपल्या हाताशी असणार नाही. 'डिस्पोजल' म्हणजे ठरलेल्या तासांसाठी किंवा दिवसांसाठी गाडी आपल्याकडे राहणार. हे शब्द आपण सोलापुरातही वापरतो. कोणी पाहुणे आले आणि अक्कलकोटला जायचे म्हणून गाडी ठरवली, तर 'आठ तास, ८० किलोमीटर' असा दर सांगतात. सोलापूर ते अक्कलकोट जाऊन-येऊन अंतर ८० किलोमीटरच्या आसपासच होते, पण मोजणी 'गॅरेज टू गॅरेज' असेल, म्हणजे गाडी मालकाच्या दारातून निघाल्यापासून परत येईपर्यंत असेल, तर आपण ८० ची मर्यादा ओलांडतोच. बाहेरगावच्या दरात दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटरचे किमान भाडे, चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग हे वेगळे असते; आणि अक्कलकोटहून पुढे गाणगापूरला जायचे म्हटले की कर्नाटकचा परवाना कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न येतो. केरळच्या कोटेशनमध्येही हेच सर्व विचारायचे आहे. त्यात आणखी एक ओळ बहुधा असते: 'घाटात एसी बंद राहील'. कोची ते मुन्नार हा सुमारे १३० किलोमीटरचा रस्ता आहे आणि त्याचा नंतरचा भाग चढाचा आहे. डिसेंबरात त्याने विशेष बिघडत नाही, पण मे महिन्यात ही ओळ महत्त्वाची ठरते.

'साइटसीइंग समाविष्ट' याचा अर्थ बहुतेक कोटेशनांत गाडी आपल्याला त्या जागेपर्यंत नेईल एवढाच असतो. तिकीट, बोट, आतली बस, मार्गदर्शक हे सारे वेगळे. मुन्नारजवळ एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात खासगी गाडी आत नेता येत नाही, वनखात्याच्या बसने जावे लागते आणि तिचे तिकीट वेगळे असते. ठेक्कडीला पेरियार तलावातील बोटीचेही तसेच. सुट्टीच्या आठवड्यात ही तिकिटे संपतात, म्हणून ती कोण काढणार हे आधी ठरवावे. पैशांपेक्षा येथे जबाबदारीचा प्रश्न मोठा आहे.

आपल्या तारखांमुळे येणारे दोन शब्द राहिले. 'पीक सीझन सरचार्ज' म्हणजे गर्दीच्या दिवसांचा वाढीव दर. तो वेगळा लिहिला असेल तर रक्कम विचारल्याशिवाय कोटेशन पूर्णच होत नाही. 'गाला डिनर' म्हणजे २४ आणि ३१ डिसेंबरला अनेक हॉटेले सक्तीने लावतात ते विशेष जेवण. आपण ते जेवलात किंवा नाही, त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि एमएपीच्या जेवणात ते धरलेले असेलच असे नाही. आपली ३१ तारखेची रात्र कोचीत आहे, म्हणून दोन्ही व्यावसायिकांना कोचीच्या हॉटेलबद्दल हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. त्या रात्री फोर्ट कोचीत पप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाचे प्रतीक मानलेल्या म्हाताऱ्याचा, मोठा पुतळा जाळून वर्षाला निरोप देतात आणि त्यासाठी प्रचंड गर्दी होते. मुलांना तो सोहळा दाखवायचा असेल, तर गाडी किती वाजेपर्यंत मिळेल आणि कुठपर्यंत जाईल, हेही बोलून घ्यावे.

रद्द करण्याच्या अटींबद्दल थोडक्यात एवढेच की, 'नॉन-रिफंडेबल' म्हणजे पैसे परत नाहीत. तारीख बदलता येईल की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वेगळे लिहून घ्यावे. पीक सीझनचे हॉटेल बहुधा दोन्हींना नकार देते.

माझा सल्ला असा आहे की पहिल्या व्यावसायिकाला अप्रामाणिक समजू नये. आपण 'कमीत कमी किती' असे विचारले असेल तर त्याने त्याचेच उत्तर दिले आहे. त्याला दोन खोल्या, सात आसनी गाडी, मुन्नार आणि ठेक्कडीला एमएपी, हॉटेलांची नावे, सरचार्ज, कोचीचे गाला डिनर आणि जीएसटी धरून नवा आकडा मागावा. दुसऱ्याकडे गाला डिनर आणि हाउसबोटीची शयनगृहे यांचा खुलासा लेखी मागावा. माझा अंदाज आहे की दोन्ही आकडे बरेच जवळ येतील, आणि मग निवड आकड्यावर न करता उत्तरे कोण स्पष्ट देतो यावर करता येईल.

रेल्वेने जायचे ठरवल्यास पुणे-कन्याकुमारी एक्स्प्रेस सोलापूरमार्गे एर्नाकुलमला, म्हणजे कोची शहरातल्या स्थानकाला, जाते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी आठ वाजता उघडते, म्हणजे आपल्या जाण्याच्या तिकिटासाठी ऑक्टोबरच्या अखेरीस. सोलापूर हे मधले स्थानक असल्याने प्रतीक्षायादीत 'आरएलडब्ल्यूएल' (मधल्या स्थानकांची यादी) किंवा 'पीक्यूडब्ल्यूएल' (अनेक स्थानकांच्या सामाईक कोट्याची यादी) अशी अक्षरे दिसू शकतात. ज्या सर्वसाधारण यादीला 'जीएनडब्ल्यूएल' म्हणतात तिच्या तुलनेत या दोन्हींतील तिकिटे निश्चित होण्याची शक्यता कमी असते. आरएसी मिळाले तर गाडीत चढता येते, फक्त बर्थ दोघांत वाटून घ्यावा लागतो; पण ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण प्रतीक्षेत राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर प्रवास करता येत नाही. आईंना एवढ्या लांब आरएसीवर नेऊ नये. परतीसाठी एक दुरुस्ती आत्ताच करून घ्यावी: कोटेशनमध्ये 'कोची ड्रॉप' असे लिहिले असेल आणि त्याचा अर्थ विमानतळ असा असेल, तर तो नेदुंबसेरीला, शहरापासून सुमारे ३० किलोमीटर दूर आहे; म्हणून आपल्याला १ जानेवारीला एर्नाकुलमच्या ज्या स्थानकावरून गाडी असेल त्या स्थानकाचे नाव तेथे लिहून घ्यावे.